चुलीचं तोंड कापणारा मिस्त्री

मोहियोद्दीन मिस्त्रीनं सरकारी चुली कापून भंगारात विकल्या आणि त्याला धरायला नांदेडहून जीप आली, ही बातमी भोकरच्या बाजारगल्लीत असर आणि मगरीबच्या नमाजांच्या मधल्या वेळात फिरली. केरबाच्या पानठेल्यावर पोचली तेव्हा चुली दोनशे झाल्या होत्या. गल्लीच्या शेवटच्या नळापर्यंत गेली तेव्हा मिस्त्रीच्या हातात बेड्याही पडल्या होत्या. त्या वेळी मिस्त्री पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून कूलरमध्ये पाणी भरत होता.

आता यातलं खरं किती ते सांगायला हवं. चुली सरकारी नव्हत्या, एका कंपनीच्या होत्या. भंगारात एकही गेली नाही. जीपमधून पोलीस नाही, तनुजा नावाची लातूरकडची एक मुलगी उतरली आणि तिनं आधी पाणी मागितलं. चुली दोनशे नव्हत्या, चाळीस होत्या. मात्र मिस्त्रीनं त्या कापल्या होत्या, एवढं खरं. मोहियोद्दीनच्या हाती गेलेली वस्तू न कापता परत आली असती, तर ती खरी बातमी झाली असती.

मोहियोद्दीन पत्र्याचं काम करतो. वय अठ्ठावन्न, दाढी मेंदीची, चष्म्याची एक काडी तारेची. नवरीच्या पेट्या, धान्याच्या कोठ्या, पाणी तापवायचे बंब, कूलरचे सांगाडे हे त्याचं रोजचं काम. रोजचं नसलेलं काम म्हणजे लोकांच्या चांगल्या चाललेल्या वस्तू सुधारणं. शेजारच्यानं नवा कूलर आणला की मिस्त्री दोन दिवस त्याच्याकडे लांबून बघतो. तिसऱ्या दिवशी पक्कड घेऊन जातो. कूलर आधीपेक्षा गार चालतो, हे शेजारी मान्य करतात. फक्त तो आता भिंतीच्या उलट्या बाजूला तोंड करून चालतो. ‘हे मला येत नाही’ असं वाक्य त्याच्या तोंडून गल्लीत आजवर कुणी ऐकलेलं नाही. एकदा डॉक्टरच्या दवाखान्यात बसल्या बसल्या त्यानं डॉक्टरच्या खुर्चीचा पाय बदलला होता, आणि डॉक्टर तीवर बसलेला असताना.

घरात त्याला साखर बंद आहे. फ्रिजमधली मिठाई रात्रीतून कमी होते म्हणून फरीदाबीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, लेकरांवर आळ घेतला. मिस्त्रीनं छाती पुढे काढून फ्रिजच्या दाराला सायकलची घंटी बसवून दिली, चोर सापडावा म्हणून. चोर दुसऱ्याच दिवशी सापडला. त्यानंच घंटी बसवली होती आणि ती काढायचं विसरला होता.

“मेरे मायके से आई सो हर चीज कू काटे तुम,” फरीदाबी त्या दिवशी म्हणाली. “अब मैंच बाकी हूँ.”

“तुझ्यात सुधारायला काय राह्यलं न्हाई,” मिस्त्री म्हणाला. तो फरीदाबीशी निम्मं मराठीत बोलतो, विशेषतः सापडल्यावर.

या माणसाचा एक नियम मात्र पक्का आहे. कापेल, जोडेल, उलटं करेल, पण दुसऱ्याच्या वस्तूचा पुर्जा फेकणार नाही. निघालेला प्रत्येक तुकडा तारेत ओवून, खडूनं नाव टाकून, दुकानाच्या मागच्या खुंटीला टांगलेला असतो. ज्यांच्या घरचा तो पुर्जा, ती माणसं कधीच वारली, तरी तो तिथं आहे.

तर कंपनी आली ती गेल्या दिवाळीनंतर. कंपनीचं काम तनुजानं त्याला दुकानात बसून समजावून सांगितलं. मुलगी मूळची शिरूर अनंतपाळची, लातूरला शिकलेली, बोलायला साधी. ती म्हणाली, गावोगावच्या बायांना आम्ही नवी चूल फुकट देतो. लाकूड निम्मं लागतं, धूर निम्मा होतो. जो धूर झालाच नाही, तो मोजून त्याचा दाखला मिळतो. दूर कुठंतरी सिमेंटचा कारखाना असतो, विमानाची कंपनी असते, त्यांना आपला धूर लगेच थांबवता येत नाही. ते हा दाखला विकत घेतात आणि म्हणतात, आमच्या वाटचा धूर तिकडं कमी झाला.

केरबा पान लावता लावता ऐकत होता. “म्हंजे मी बिडी सोडली तर माझा बी धूर कोणी घेईल का, मॅडम?”

“तुझा धूर तूच गिळून राहिला,” मिस्त्री म्हणाला. “बाहेर येतोच कुठं मोजायला?”

तनुजाला एक माणूस हवा होता. अकरा गावांत चुली वाटायच्या, त्यातल्या बिघडलेल्या दुरुस्त करायच्या. पगार फार नव्हता. पण आठ दिवसांनी तिनं निळ्या पट्टीचं एक ओळखपत्र आणून दिलं. त्यावर मिस्त्रीचा फोटो होता आणि खाली छापलं होतं: क्षेत्र तंत्रज्ञ.

गल्लीला हे ओळखपत्र पाठ झालं. चाळीस वर्षं ज्याला ‘ए मामू’, ‘ओ पत्रेवाले’ आणि उधारी असेल तेव्हा ‘मिस्त्रीसाहेब’ म्हणत, त्याला कुणीतरी छापून तंत्रज्ञ म्हटलं होतं. मोहियोद्दीननं ते जुम्याच्या नमाजाला घातलं. हिमायतनगरला मेव्हण्याच्या लेकीच्या लग्नात शेरवानीवर घातलं आणि प्रत्येक फोटोत हात मागे बांधून उभा राहिला, म्हणजे ते झाकलं जाऊ नये. वीज कंपनीच्या कार्यालयात त्याला पहिल्यांदा खुर्ची मिळाली. तो म्हणे तीवर काम झाल्यावरही दहा मिनिटं बसला.

अकरा गावांतलं एक बोरवाडी. तिथं बावन्न चुली दिल्या. तीन महिने झाले, बाकीच्या गावांतून तक्रारी येत होत्या: जाळी वाकली, मूठ तुटली, बुड जळालं. बोरवाडीहून एकही नाही. तनुजानं फोनवर कौतुक केलं. मिस्त्रीला मात्र घोर लागला. वापरलेली वस्तू बिघडते, हे त्याला बापानं शिकवलं होतं. तो ओळखपत्र घालून बोरवाडीला गेला.

पहिलंच घर साखराबाईचं. नवरा ग्यानोबा शेतात, सून माहेरी, आणि साखराबाई जुन्या चुलीपुढे, पदर डोळ्याला लावून फुंकणी मारत. नवी चूल धान्याच्या कोठीवर, प्लॅस्टिकसकट, देवाच्या फोटोच्या शेजारी. तिला हळदकुंकू वाहिलेलं.

“साखराबाई, ही पेटवायची असती,” मिस्त्री म्हणाला.

“ठाव हाय की, मामू. पण चांगली हाय ना. नातीच्या लग्नात रुखवतात मांडायची हाय.”

“नात केवढी हाय?”

“चौथीला हाय.”

मिस्त्री पुढं गेला. एका घरात चुलीत कांदे होते. एका घरात चुलीत कोंबडी बसवली होती आणि तिथल्या बाईनं त्याला हळू बोलायला सांगितलं, आठ दिवस राहिले म्हणून. काही चुलींना कंपनीनं एक काळं बटण चिकटवून दिलं होतं, बोटाच्या पेराएवढं. बोरवाडीनं ते दृष्टीचं ठरवलं होतं. कंपनी एवढी मोठी, तिला नजरेची काळजी असणारच.

तो फिरून साखराबाईकडे आला आणि म्हणाला, “रुखवताचं राहू दे. खरं काय ते सांग.”

साखराबाईनं खरं सांगायच्या ऐवजी चूल खाली घेतली, प्लॅस्टिक काढलं, चार काड्या पेटवल्या आणि तव्यावर भाकर टाकली. ज्वारीची, परातीएवढी. एक बाजू झाली, उलटली, दुसरी झाली. मग तिनं भाकर हातात धरली आणि मिस्त्रीकडे बघितलं.

“आता हिला कुठं टेकवू?”

जुन्या चुलीत तव्यावरून काढलेली भाकर तोंडाशी ओढलेल्या आराला, म्हणजे निखाऱ्यांना, उभी टेकवतात. तिथं ती फुगते, तिला पापुद्रा सुटतो. नव्या चुलीला तोंड होतं लाकूड घालण्यापुरतं, मूठभर. आर सगळा आत. भाकर टेकवायला जागाच नव्हती. कंपनीच्या ज्या कुणी ही चूल बनवली, त्यानं चहा करून बघितला असेल, भात करून बघितला असेल. भाकर खाणारं माणूस त्या खोलीत नसावं.

“तव्यावरची भाकर आमचा म्हातारा खात न्हाई,” साखराबाई म्हणाली. “म्हंतो, ही भाकर हाय का पुठ्ठा?” आणि मग ती खोकली. खोकला बराच वेळ चालला. मिस्त्री चुलीच्या तोंडाकडे बघत बसला. ज्यांनी त्याला कूलरकडे तसं बघताना पाहिलं आहे, त्यांना पुढचं सांगायला नको.

त्यानं साखराबाईची चूल त्याच दिवशी भोकरला आणली. तोंड खाली दोन बोटं आणि बाजूला चार बोटं कापलं. पुढे पत्र्याची ओसरी काढली, काठ वळवला, आर सांडू नये म्हणून. काळं बटण कशाचं ते त्याला माहीत नव्हतं. पण कंपनीचा पुर्जा, म्हणून त्यानं ते हलवलं नाही. दुसऱ्या दिवशी साखराबाईनं ओसरीवर आर ओढला, भाकर टेकवली. भाकर फुगली. ग्यानोबानं खाल्ली आणि काही बोलला नाही. त्या घरात याचा अर्थ पसंत आहे असा होतो.

चार दिवसांत बोरवाडीच्या बाया डोक्यावर चुली घेऊन वाटेवर उभ्या. मिस्त्रीनं रिक्षाटेम्पो केला. गल्लीनं कापलेल्या पत्र्यांचा ढीग बघितला तो तेव्हाच. भंगाराचं बीज तिथं पडलं. चाळीस चुली कापून गेल्या. बारा घरांनी दिल्या नाहीत. त्यांच्याकडे मुली होत्या आणि रुखवताचा विचार पक्का होता.

तनुजाला त्यानं कळवलं नाही. लपवलं असंही नाही. कूलर सुधारल्यावर तरी तो कुठं कळवतो? धूर किती झाला ते त्याला मोजता येत नव्हतं, पण साखराबाई भाकरी होईपर्यंत आता डोळ्याला पदर लावत नव्हती, आणि आठवड्याचं सरपण दहा दिवस पुरत होतं, असं ती स्वतःच वेशीपर्यंत येऊन सांगत होती.

मे महिन्याच्या शेवटी बाहेरचा तपासनीस यायचा ठरला. त्यानं होकार दिला तरच दाखला मिळतो. तनुजा आदल्या दिवशी बोरवाडीत डोकावली, आणि तिथून जी जीप सुटली ती थेट मिस्त्रीच्या दारात. हीच ती बेड्यांची जीप.

“चाचा, हे काय करून ठेवलं?” पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली.

“कामून? चालून राहिल्या की.”

“चालण्याचा प्रश्न नाही. कागदावर जी चूल मंजूर आहे ती ही नाही. तिची प्रयोगशाळेत चाचणी झालीय, तिचे आकडे आहेत. तोंड बदललं की ती दुसरीच चूल झाली. उद्या साहेबांनी बघितलं तर आख्खं बोरवाडी यादीतून जाईल. आणि तुमचं ओळखपत्रही. ते मी वाचवू शकणार नाही, चाचा.”

मिस्त्रीचा हात निळ्या पट्टीकडे गेला. हे फरीदाबीनं पडद्यामागून पाहिलं, आणि तिच्याकडून ते गल्लीला कळलं.

ठरलं असं की उद्या साहेबांना त्या बारा चुलीच दाखवायच्या. चाळीस पोत्याखाली. तनुजाचा जीव जात होता हे सांगताना, पण तिनं सांगितलं. निरोप गेला. बारा घरच्या बायांना वाटलं, पाहुणा एवढ्या लांबून येणार, आणि आपण त्याची भेट वापरलीच नाही हे त्याला दिसणार. वाईट दिसतं ते. त्यांनी प्लॅस्टिक काढलं, तव्याची काजळी तेलात कालवली आणि बाराही चुलींना चोपडली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पाहुण्याचं मन राखायची ही त्यांची रीत.

तपासनीस साहेब टोपी घालून आले, हिंदी बोलणारे, शांत माणूस. पण कोणती घरं बघायची ते साहेबांच्या फोननं ठरवलं, चिठ्ठी निघावी तसं. पहिलं घर बारातलं. चूल काळीकुट्ट. साहेबांनी बोट फिरवलं, बोट काळं झालं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, मग चुलीवरचं काळं बटण काढून एका यंत्राला लावलं. ते बटण दृष्टीचं नव्हतं. चूल कधी किती तापली ते त्यात सहा महिन्यांपासून जमा होत होतं. यंत्रानं सांगितलं की ही चूल एकदाही पेटलेली नाही. फक्त मे महिन्यात दुपारच्या वेळी पत्र्याखाली ती सेहेचाळीस अंशांवर गेली होती. तेवढी तर बोरवाडीतली म्हैसही गेली होती.

साहेबांनी आकडा वहीत टिपला. पुढचं घर निघालं साखराबाईचं.

“त्या शेतात गेल्यात,” तनुजा घाईनं म्हणाली.

“कोण म्हंतंय मी शेतात हाय?” आतून आवाज आला. “पावणा आला अन् मी शेतात जाईन व्हय? या, बसा. भाकर टाकलीय.”

साखराबाईला पोत्याचा निरोप मिळाला होता. पण पाहुण्याला जेवायला घालायचं तर चूल पोत्याखाली ठेवून कसं जमणार, हा तिचा सवाल बिनतोड होता. साहेबांनी दोन भाकरी ठेच्याबरोबर खाल्ल्या, ओसरीवर भाकर फुगताना पाहिली, आणि बटण यंत्राला लावलं. तीन महिने थंड. मग फेब्रुवारीतल्या एका दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ गरम, एकही खाडा नाही.

“ये किसने काटा?” त्यांनी विचारलं.

दाराशी मोहियोद्दीन उभा होता. त्यानं ओळखपत्र नीट सरळ केलं आणि शाळेतल्यासारखा हात वर केला.

साहेबांनी आणखी चार घरं पाहिली, बाकीच्यांचं तनुजाला विचारून वहीत लिहिलं आणि गेले. बारा चुली वापरलेल्या नाहीत म्हणून धरल्या नाहीत. चाळीस वापरलेल्या होत्या, पण त्या मंजूर चुली नव्हेत म्हणून धरल्या नाहीत. बोरवाडीचा कमी झालेला धूर कागदावर शून्य निघाला. भाकरीविषयी लिहायला वहीत रकाना नव्हता.

तीन आठवड्यांनी तनुजा पत्र घेऊन मिस्त्रीच्या दुकानात आली. या वेळी चेहरा मोकळा होता. कंपनीनं एक संधी दिली होती. चाळीस चुलींची तोंडं पूर्वीसारखी करून द्यायची. पुढच्या तपासणीत त्या मंजूर चुली म्हणून मोजायचा प्रयत्न होईल. मिस्त्रीचं ओळखपत्र कायम राहील, आणखी नऊ गावंही मिळतील. नाहीतर बोरवाडीचं नाव वगळायचं. चुली तिथंच राहतील, पण कंपनीच्या लेखी त्या नाहीत, आणि ज्यानं त्या बदलल्या तोही नाही.

“तुमची भाकरीची गोष्ट मी वर लिहून कळवलीय, चाचा,” ती म्हणाली. “पण नवा नमुना मंजूर व्हायला दोन वर्षं जातात. तोवर हे करा. पत्रा नवा आणायचा खर्चही कंपनी देईल.”

“पत्रा लागत न्हाई,” मिस्त्री म्हणाला आणि मागच्या खुंटीकडे बोट दाखवलं. तारेत ओवलेले चाळीस तुकडे तिथं टांगलेले होते. प्रत्येकावर खडूनं घराचं नाव. साखराबाईचा सगळ्यात वर.

तनुजा उभीच राहिली. “मग झालंच की! तुकड्याला तुकडा. एका दुपारचं काम.”

एका दुपारचंच होतं. हे मिस्त्रीइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्यानं माळ खुंटीवरून काढली, मांडीवर घेतली, वरचा तुकडा अंगठ्यानं पुसला. मग ओळखपत्र गळ्यातून काढलं आणि चष्मा वर करून ते वाचलं, दोन शब्दच होते, तरी बराच वेळ वाचलं. समोरून केरबा पान लावायचं थांबून बघत होता.

पुढं काय झालं ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. बोरवाडीचं नाव गेलं. उरलेल्या बारांपैकी सात चुली नंतर कापायला आल्या, पाच अजून रुखवताची वाट बघतात. निळ्या पट्टीला आता फरीदाबीनं घराची किल्ली बांधली आहे, आणि फ्रिजला घंटी पुन्हा बसली आहे, या वेळी तिनं बसवून घेतली. वीज कंपनीच्या कार्यालयात मिस्त्री परत उभा राहतो. तनुजा महिन्यातून एकदा येते. वरून उत्तर आलेलं नाही, पण ती कापलेल्या तोंडाची मापं पुन्हा एकदा घेऊन जाते.

त्या दुपारी मिस्त्री नेमकं काय बोलला, याबद्दल मात्र तीन आवृत्त्या आहेत. केरबाच्या आवृत्तीत शिव्या आहेत, मशिदीच्या ओट्यावरच्या आवृत्तीत त्यानं ओळखपत्र नाल्यात फेकलं. दोन्ही खोट्या. खरी फरीदाबीची, कारण ती पडद्यामागे होती. ती म्हणते, त्यानं माळ परत खुंटीला अडकवली, ओळखपत्र फडक्यानं पुसून तनुजाच्या पुढ्यात ठेवलं, ते तिनं घेतलं नाही, आणि तो म्हणाला:

“बेटी, मी टाका मारला की चूल तुझ्या कागदात बसंल, अन् साखराबाई सांजच्याला जुन्या चुलीपुढं बसंल. न झालेला धूर इकायसाठी गेलेला धूर परत आणून देऊ व्हय? ते काम मला येत न्हाई.”